चार बोटं डावीकडे

अनुक्रमांक एकशे बारा.
जडवस्तू नोंदवही, पान एकोणचाळीस, अक्षर माझंच:
'परस्परसंवादी फळा, नग एक,
किंमत एक लाख चौऱ्याऐंशी हजार, निधी शासनाचा.'
शेऱ्याचा रकाना तेव्हा मोकळा सोडला.
त्याच पानावर वर
लोखंडी बादल्या तीन, पैकी एक गळकी.

फळा आला मार्चअखेर,
विडी घरकुलच्या बोळात न मावणाऱ्या खोक्यातून.
नदाफमामांनी पुठ्ठा घरी नेला,
तापल्या पत्र्याखाली ठोकला, म्हणाले,
"निधी आमच्यापर्यंत पोचला बघा, बाई."

फळ्याला एक खोड होती.
बोट ठेवावं इथं, उमटावं तिथं,
चार बोटं उजवीकडे.
मी तीन पत्रं लिहिली, जावक क्रमांक आहेत माझ्याकडे.
उत्तर आलं: उपयोगिता प्रमाणपत्र त्वरित सादर करावे.

मुलांनी पत्र लिहिलं नाही.
आठवड्याभरात भाग्यलक्ष्मी वडनाल, चौथी ब,
पुढं आली, बोट डावीकडे नेलं,
हवेतच काहीतरी मोजलं
आणि भारताच्या नकाशात
नेमकं सोलापूर पेटवलं.
मागून कुणीतरी पुटपुटलं, "नालुगु वेळ्ळु."
चार बोटं.
मग सगळा वर्गच चार बोटं मोजून
चुकायला शिकला, आणि बरोबर येऊ लागला.

मला नवल वाटलं. वाटायला नको होतं.
पहिलीत आल्यापासून ही पोरं
दुसरं काय करतायत?
घरी नीळ्ळु, शाळेत पाणी;
तहान तीच, ओठ तेवढे बाजूला न्यायचे.
भाग्यलक्ष्मीची अम्मा हजार विड्या द्यायच्या
तर हजार सत्तर वळते,
कारण सत्तर छाटीत जाणार हे तिला
पान कातरतानाच ठाऊक असतं.
बापाचा कान मागाला लागलेला,
सूत तुटायच्या आधी तुटलेलं ऐकणारा.
या घरांत यंत्र
सरळ असं कधी आलंच नव्हतं.

ऑगस्टात तपासणी झाली.
मुलांनी पटापट गणितं सोडवली,
साहेब खूश, म्हणाले, क्रांती आहे ही, क्रांती.
मग हौसेनं स्वतःच बोट ठेवलं:
सात आठे त्रेसष्ट.
पोरं हसली नाहीत.
त्यांना वाटलं, साहेब नवीन आहेत, शिकतील.

दिवाळीनंतर पुण्याहून एक पोरगा आला,
गळ्यात ओळखपत्र, कपाळावर घाम.
अकरा मिनिटांत, मी घड्याळ पाहिलं,
त्यानं फळा सरळ केला
आणि चहाला न थांबता गेला.
काम चोख. तक्रार नाही माझी.

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग चुकत होता.
भाग्यलक्ष्मी उभी, बोट टेकलेलं,
काल जिथं सोलापूर होतं
तिथं आज अरबी समुद्र.
तिनं फळ्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.
"बाई, बिघडला."

दुरुस्त झालाय गं, म्हणणार होते.
जीभ जरा बाजूलाच पडली.
म्हटलं, "हो. बघ काय करता येतंय."

ती बोट उचलत नाही.
समुद्रातूनच ओढत आणते,
रत्नागिरी उजळते, विझते,
मग सांगली,
फळा प्रत्येक नाव स्पष्ट उच्चारात सांगतो,
जसं इथं कुणीच बोलत नाही.
दारात नदाफमामा, हातात घंटेचा टोल,
मधली सुट्टी द्यायची विसरलेले.
"ये की बे," म्हणतात, "अजून जरा. आलीस घरला."

सोमवारी लेखापरीक्षण.
शेरा अजून मोकळाच आहे.